कावीम

शाळेत सगळे सरांना ‘धबधबा’ म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण सरांच्या कानावर ते आलेलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना ते थोडंसं आवडायचंसुद्धा. धबधबा म्हणजे काय, भरपूर, जोरदार, कधी न आटणारा! त्याच्याखाली उभ्या राहिलेल्या माणसाला श्वास घेता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात यायला मात्र बावन्न वर्षं जावी लागली.

सर सातवीला अरबी शिकवायचे आणि अरबी म्हटलं की त्यांच्या अंगातच यायचं. “तीन अक्षरं!” तीन बोटं नाचवत ते म्हणायचे. “फक्त तीन! क, त, ब. लिहिण्याचं मूळ. एका साच्यात घाला, झाला कातीब, म्हणजे लिहिणारा. दुसऱ्या साच्यात घाला, मक्तूब, म्हणजे लिहिलेलं. तिसऱ्यात घाला, मक्तब, लिहायची जागा. मूळ तेच, साचा बदलला की शब्द नवा!” इथवर मुलांचे डोळे चमकायचे. सर इथे थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण थांबतात कसले! पहिल्याच दिवशी क्रियापदाची दहा रूपं, त्यांचे अपवाद, अपवादांचे अपवाद, मध्येच कुठल्याशा व्याकरणकाराच्या बायकोचा किस्सा. फळा भरला की तक्ता, तक्ता संपला की हवेत बोटानं. शब्द फळ्यावर, त्याचा अर्थ पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आणि साचा वहीच्या पहिल्या पानावर. मुलं माना फिरवून फिरवून दमून जायची. सहामाहीला एकतीसपैकी चोवीस जण नापास झाले. एकानं तर ‘कातीब’चा अर्थ ‘आमचे सर’ असा लिहिला होता. फळा कोण भरतं ते बघून त्यानं ठरवलं असणार.

निकाल लागला त्याच दिवशी मुख्याध्यापिकांनी सरांना बोलावलं. बाई गणिताच्या. बोलणं मोजकं, अक्षर बारीक, टेबल स्वच्छ. त्यांनी एक छापील कागद सरांपुढे सरकवला. वर ‘पुढील वर्षाचे ऐच्छिक विषय’, खाली एकेका विषयाचं नाव आणि नावापुढे दोन चौकोन. एकावर छापलेलं ‘कायम’, दुसऱ्यावर ‘बंद’. चित्रकलेपुढे खूण झालेली होती, संगीतापुढे झालेली होती. अरबीपुढचे दोन्ही चौकोन कोरे होते.

“चोवीस मुलं, सर,” बाई म्हणाल्या.

“बाई, त्याचं असं आहे, अरबीची रचना मुळातच...”

“मला तीस शब्दांत सांगा.”

तीस शब्दांत त्यांना नमस्कारसुद्धा करता येत नसे.

“तीन आठवडे देते,” बाई म्हणाल्या. “मग मी वर्गात येऊन बसेन. पाठ केलेलं मला नको. मुलांनी कधी न पाहिलेलं एक मूळ मी देईन, त्यातून त्यांनी शब्द बनवून दाखवायचे. जमलं तर खूण इकडे, नाही तर तिकडे. त्या तासाला मग संगणक बसवू. आणि त्या दिवशी तुम्ही बोलायचं नाही.”

“थोडंसुद्धा नाही?”

“हूं सुद्धा नाही.”

अठरा वर्षं! अठरा वर्षं शिकवलेला विषय, आणि तो जाणार की राहणार हे एका चौकोनात! सर घरी आले ते पाय ओढत. त्यांना स्वतःची नोकरी जाण्याची भीती नव्हती, बाई त्यांना ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालायला बसवतील हे त्यांना माहीत होतं. पण क-त-बची जादू या शाळेत पुन्हा कुणी कुणाला दाखवणार नाही, ही कल्पनाच त्यांना सोसेना.

सरांची बायको गाडी चालवायला शिकवायची. स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल, एकच गाडी, तिला दोन ब्रेक. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शिकवणारीच्या पायाखाली. तिनं सगळं ऐकून घेतलं. ऐकायला पाऊण तास लागला, कारण सांगणारे सर होते.

“मुलांची चूक नाही,” ती शेवटी म्हणाली. “तुम्ही देता ते एक ना धड भाराभर चिंध्या.”

“अगं, पण ज्ञान आहे ते!”

“ज्ञान आहे हो. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, असं किती दिवस चालणार? रविवारी माझ्याबरोबर गाडीत चला. मागे बसायचं. बोलायचं नाही.”

जो तो आपल्याला गप्प बसवायला टपलाय, असं सरांना वाटलं. पण रविवारी सकाळी ते मुकाट्यानं मागच्या सीटवर जाऊन बसले.

मोकळं मैदान. शिकायला आले होते एक दातांचे डॉक्टर, पन्नाशीचे, घामाघूम झालेले. दुसऱ्यांच्या तोंडात सुया खुपसणारा माणूस, पण स्टिअरिंग बघून त्याची पाचावर धारण बसली होती. “आज तुम्ही फक्त स्टिअरिंग धरायचं,” बायको म्हणाली. “क्लच, गिअर, ब्रेक सगळं माझ्याकडे. तुम्ही फक्त त्या झाडाकडे चला.” गाडी हळूहळू निघाली. डॉक्टरांचा श्वास जाग्यावर आला. झाड आलं, वळले, परत आले. डॉक्टर चक्क हसले!

आता इतकं छान चाललेलं असताना सरांना राहवेल का? “डॉक्टर,” ते मागून पुढे वाकले, “तुम्हाला गंमत सांगू? चाकाला जगातल्या वेगवेगळ्या भाषांमध्ये...”

डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं. गाडी सरळ फुलझाडांच्या वाफ्याकडे निघाली. बायकोनं ब्रेक दाबला, गाडी गचकन थांबली आणि सरांचं नाक पुढच्या सीटवर आपटलं.

“अहो!” बायको कडाडली. “डोक्याला हात दोनच असतात. तिसरी वस्तू दिली की पहिली खाली पडते. ती किती का छान असेना!”

सर नाक चोळत राहिले.

“आणि हे बघा,” तिनं आपल्या पायाकडे बोट दाखवलं. “माझा पाय कायम ब्रेकवर असतो. पण मी दाबत नाही. ते चुकतात, वेडंवाकडं वळतात, मला घाम फुटतो, तरी दाबत नाही. खड्ड्यात जायला लागली तरच. मी दाबत राहिले तर ते काय डोंबल शिकणार?”

सरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोनच हात! हे वाक्य त्यांनी कुठेतरी वाचलेलं होतं. नाही, वाचलेलं नव्हतं, वाचायचं टाळलेलं होतं! गेल्या वर्षी शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक पुस्तिका मिळाली होती, ‘संज्ञानात्मक भार सिद्धांत’. नावच इतकं जड की सरांनी ती पहिल्या पानावरच मिटली आणि वर्गातलं टेबल डगमगत होतं म्हणून त्याच्या आखूड पायाखाली सारली. सोमवारी सकाळी शाळा उघडायच्या आधी सर टेबलाखाली घुसले आणि पुस्तिका ओढून काढली. टेबल पुन्हा डुगडुगायला लागलं, तर डुगडुगू दे!

पुस्तिकेत तेच होतं, बायको म्हणाली तेच, फक्त अवघड शब्दांत. नवीन गोष्ट डोक्यात धरायला जागा फार थोडी असते. तिथे फापटपसारा टाकू नका. शब्द एकीकडे आणि अर्थ दुसरीकडे ठेवून माना मोडायला लावू नका. आधी पूर्ण सोडवलेलं उदाहरण दाखवा, मग अर्धं सोडवलेलं, मग कोरं. आणि मुलांना आधीपासून जे येतं, त्याला नवीन गोष्ट बांधा, म्हणजे भार हलका होतो. सर वाचत गेले आणि कपाळाला हात लावत गेले. अठरा वर्षं ही पुस्तिका नव्हती हे ठीक, पण गेलं वर्षभर ती पायाखाली होती!

त्या दिवशी वर्गात शिरून सरांनी फळा पुसला. सगळा! मुलं एकमेकांकडे बघायला लागली. सरांनी लाल खडूनं तीन अक्षरं काढली, क, त, ब, आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्या खडूनं साचा भरला. कातीब. बरोबर खाली, चिकटून, अर्थ: लिहिणारा. त्याच्याखाली दुसरं मूळ, अर्धं भरलेलं. त्याच्याखाली तिसरं, कोरं. बस्स. आणि मग ते टेबलामागे खुर्चीत जाऊन बसले, टेबलाखालच्या आडव्या पट्टीवर उजवा पाय ठेवला आणि तोंड मिटलं. तो त्यांचा ब्रेक.

“सर, तुम्हाला बरं नाहीये का?” कुणीतरी काळजीनं विचारलं.

काय सांगू, त्या गप्प बसण्यानं सरांचा जीव नुसता कासावीस व्हायचा! सांगण्यासारखं किती होतं! एखाद्या मुळात व नाहीतर य असला की ते अक्षर नीट टिकत नाही, पडतं, वितळतं, रूप पालटतं. व्याकरणात अशा अक्षरांना आजारी अक्षरं म्हणतात. आजारी अक्षरं! केवढी गोड गोष्ट! पण नाही. आधी धडधाकट मुळं. आजारी पुढच्या सहामाहीत. सर ओठ आवळून बसत आणि पट्टीवर पाय दाबत.

पण त्या शांततेत वर्गात भलतंच काही सुरू झालं. मुलं बोलायला लागली! एक मुलगा होता, त्याला सगळे ‘घाई’ म्हणत, कारण प्रश्न संपायच्या आत त्याचं उत्तर तयार. त्यानं तिसरं मूळ पटकन भरलं आणि चुळबुळ करायला लागला. सरांनी त्याला उदाहरणं द्यायची बंद केली, नुसती कोरी मुळं दिली. चालता येणाऱ्याला पांगुळगाडा कशाला? आणि पहिल्या बाकावर एक मुलगी होती, तिचं नाव ‘कुलूप’. वर्ष सुरू झाल्यापासून तिनं तोंड उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ती आता वहीत लाल पेन्सिलीनं तीन अक्षरं काढायची आणि पांढरी जागा भरत राहायची.

गुरुवारी हजेरी चालली होती. “एक.” “हजर.” “दोन.” “हजर.” “तीन.” “हजर.” तेवढ्यात घाई ताडकन उभा राहिला.

“सर! हजर!”

“अरे, तुझा नंबर अजून यायचाय.”

“तसं नाही, सर! ह, ज, र! हाजीर! कातीब, हाजीर! आपण रोज अरबी बोलतोय!”

वर्गात जो काय गलका उठला! हो रे राजा, हो, असं ओरडून त्यांना बाकावर चढावंसं वाटलं. या शब्दाचा सगळा प्रवास त्यांच्या जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला. त्यांनी पट्टी दाबली. ती जराशी करकरली.

“तपासा,” सर म्हणाले. एक शब्द! आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण.

मग काय, शिकारच सुरू झाली. मुलं घरून शब्द धरून आणायची. मालक! मालीक, कातीब, बसतो! शाहीर! बसतो! दाखल! द, ख, ल म्हणजे आत येणं, मग आत येणारा दाखल, आणि आत यायची जागा? मदखल! मागच्या बाकावरून कुणीतरी ‘आशिक’ म्हणून ओरडलं, सगळा वर्ग फिदीफिदी हसला, सरांचे कान लाल झाले, पण शब्द चोख बसत होता, काय करता! एकानं ‘बारीक’ आणला, एकीनं ‘नाविक’, एका खादाडानं ‘खारीक’. गाडी खड्ड्यात निघाली, तेव्हा सर बोलले. “नुसता आवाज जुळला म्हणून नातं जुळत नाही. त्या तीन अक्षरांचा अर्थ काय, ते आधी विचारा.” दोन वाक्यं, आणि पुन्हा गप्प. खारीकवाल्यानं डब्यातली खारीक खाऊन टाकली आणि प्रकरण मिटवलं.

दुसऱ्या आठवड्यात तास संपल्यावर कुलूप टेबलाशी आली. काही न बोलता तिनं एक चिठोरं पुढे केलं. त्यावर लिहिलं होतं: ‘मजकूर. मक्तूबसारखा?’ सरांनी वाचलं आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ज, क, र, उल्लेख करणं, मजकूर, उल्लेखलेलं. रोज पाहिलेला शब्द, आणि हिनं एकटीनं, गुपचूप सोलून काढला होता! “हो,” सर म्हणाले. ती गोड हसली आणि पळाली. कुलूप उघडलं नव्हतं, पण किल्ली फिरल्याचा आवाज सरांना ऐकू आला.

घरी बायको विचारायची, “आज किती वाक्यं?” सर बोटांवर मोजायचे. “अकरा.” “जास्त झाली.” “अगं, त्यातली तीन हजेरीची!”

बघता बघता घोडामैदान जवळ आलं. तो शुक्रवार उजाडला. मुख्याध्यापिका तो कागद घेऊन वर्गात आल्या. त्यांनी तो सरांच्या टेबलावर ठेवला, टेबल डुगडुगलं, कागद घसरला. बाईंनी नापसंतीनं टेबलाकडे पाहिलं आणि कागद उचलून पहिल्या बाकावर, कुलूपसमोर ठेवला.

“मूळ कुठून निवडू?” त्यांनी विचारलं. सरांनी काही न बोलता आपली जाडजूड वही पुढे केली. अठरा वर्षांत हातानं लिहिलेली तीनशे मुळं, अक्षरं, अर्थ, त्यांपासून झालेले शब्द. बाईंनी वही मध्येच उघडली, डोळे मिटले आणि पानावर बोट ठेवलं.

“क, व, म,” त्यांनी वाचलं. “अर्थ: उभं राहणं.”

सरांच्या पायाखालची जमीन सरकली. व! मध्ये व! आजारी मूळ! तीनशेपैकी अडीचशे धडधाकट मुळं सोडून बाईंचं बोट नेमकं या आजाऱ्यावर पडावं? वहीत अशा मुळांपुढे त्यांनी पेन्सिलीनं बारीक टिंब दिलं होतं, पण ते बाईंना काय कळणार! ‘बाई, हे नको, दुसरं घ्या, हे शिकवलेलं नाही,’ हे सगळं सरांच्या घशात येऊन अडकलं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. सर खुर्चीत बसले, पट्टीवर पाय ठेवला आणि दाबला.

“दोन शब्द हवेत,” बाई मुलांना म्हणाल्या. “उभा राहणारा. आणि उभं राहायची जागा. दहा मिनिटं.”

मुलांना दहा मिनिटं कशाला लागतात! घाई फळ्याकडे धावला. लाल खडूनं क, व, म. पांढऱ्या खडूनं साचा. ‘कावीम’. खाली ‘मकवम’. “कातीब, कावीम! मक्तब, मकवम!” सगळा वर्ग एका सुरात ओरडला. अगदी बरोबर केलं होतं त्यांनी, शिकवलं होतं तस्संच, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आणि दोन्ही उत्तरं चूक होती.

बाईंनी वहीत पाहिलं. मग फळ्याकडे पाहिलं. पुन्हा वहीत. “इथे वेगळं लिहिलंय,” त्या म्हणाल्या.

वर्गाचा फुगा फटकन फुटला. घाईच्या हातात खडू तसाच राहिला. “पण साचा तर तोच आहे,” तो पुटपुटला. मुलांनी सरांकडे पाहिलं, एकतीस चेहरे एकदम. ती नजर सरांना सोसवेना. एक वाक्य! एकच! ‘व आजारी आहे.’ तीन शब्द! एवढ्यानं सुटलं असतं सगळं! पाय पट्टीवर, पट्टी करकरतेय, आणि डोक्यात बायकोचा आवाज: खड्ड्यात जायला लागली तरच. ही खड्ड्यात चाललीय का? की नुसती वाकडी वळतेय? सरांना कळेना. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि गप्प राहिले.

“पाच मिनिटं आहेत,” बाई म्हणाल्या. आवाज कोरडा, पण हात चौकोनांकडे गेला नव्हता.

वर्गात कुजबूज सुरू झाली. “कावीम... कावीम...” मुलं शब्द तोंडात घोळवायला लागली. “भराभर म्हणून बघ. कावीमकावीमकावीम.” “व राहतच नाही रे.” “माझा तर काईम होतोय.” “माझापण!” “जीभच घसरते त्या ‘व’वरून!”

सरांनी एक डोळा उघडला.

पहिल्या बाकावर कुलूप समोरच्या कागदाकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते. मग ते थांबले. तिनं कागदावर एका ठिकाणी बोट ठेवलं, मान वर केली, आणि वर्ष सुरू झाल्यापासून पहिल्यांदा वर्गानं तिचा आवाज ऐकला. खणखणीत होता हो!

“कायम,” ती म्हणाली.

“काय कायम?” बाईंनी विचारलं.

“बाई, इथे छापलंय. कायम! कावीममधला व घसरला, काईम झालं, कायम झालं!” ती आता उभी राहिली होती, शब्द एकमेकांना ढकलत बाहेर पडत होते. “कायम म्हणजे जे पडत नाही, हलत नाही, उभंच आहे! उभं राहणारा! शब्द आपल्याकडे आधीपासूनच आहे, बाई!”

बाईंचं बोट वहीतल्या ओळीवर होतं. तिथे सरांच्या अक्षरात ‘काइम’ लिहिलेलं होतं. त्यांनी चष्मा काढला.

“थांब, थांब, थांब!” घाई फळ्यावर तुटून पडला. “मग मकवममधलापण व घसरणार! मकवम, मकाम... मकाम... अरे, मुक्काम! माणूस जिथे उभा राहतो, थांबतो, तो मुक्काम!”

मग जो कल्लोळ झाला, त्याला तोड नाही! मुलं बाकांवर हात आपटत होती, कुणी कुणाच्या गळ्यात पडत होतं, खारीकवाला विनाकारण उड्या मारत होता. आणि त्या गोंगाटात कडाड्कन आवाज झाला. टेबलाखालची पट्टी मोडली होती. सर पायासकट पुढे गेले, टेबल एका बाजूला कललं, खडूंची डबी जमिनीवर फुटली आणि लाल-पांढरे तुकडे वर्गभर पळाले.

बाईंनी हात वर केला. वर्ग हळूहळू शांत झाला.

“सर,” त्या म्हणाल्या, “व घसरतो, हे यांना शिकवलं होतं?”

सरांनी मान हलवली. नाही.

“मग कुणी सांगितलं?”

सरांनी मुलांकडे बोट दाखवलं.

बाई कुलूपजवळ गेल्या. “उत्तर माझ्याच कागदावर होतं म्हणायचं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्यांनी पेन काढलं. अरबीपुढच्या दोन चौकोनांवर ते क्षणभर थांबलं, आणि मग पहिल्या चौकोनात एक मोठी, ठसठशीत खूण झाली. बारीक अक्षराच्या बाईंनी एवढी मोठी खूण कधी केली नव्हती.

“आता बोला, सर,” त्या म्हणाल्या. “हवं तेवढं.”

सर उठले. अठरा वर्षं साठलेलं, तीन आठवडे अडवून धरलेलं सगळं त्यांच्या ओठांवर आलं. किंमतसुद्धा याच मुळातली, हे सांगायचं होतं. आजारी अक्षरांचं सांगायचं होतं. यांना किती शाबासकी द्यावी ते सांगायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं. एक शब्द फुटेना. कललेल्या टेबलामागे, पायाखाली खडूंचा चुरा, डोळे भरलेले, धबधबा नुसता उभा होता.

मुलं वाट बघत राहिली. मग पहिल्या बाकावरून कुलूप म्हणाली, “बाई, सर कायम.”